वादविवादाला वक्तृत्वाचे मार्क देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा शनिवारी शहरातल्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती, शेजारच्या मुलीला सोबत म्हणून मी गेलेले, जज म्हणून नाही, नुसतं मागच्या ओळीत बसून ऐकायला. विषय होता कोल्हापूरची हद्दवाढ, म्हणजे आजूबाजूची गावं शहराच्या हद्दीत घेणं, झालीच पाहिजे. चंदगडकडची एक मुलगी विरोधी बाजूनं बोलायला उठली, आवाज बारीक, हातात चिठ्ठी नाही, बोलण्याला तिकडचा हेल. तिच्या आधी एक मुलगा सांगून गेलेला की हद्दवाढ झाली की गावांना पाणी, गटारी, बस सगळं मिळणार. तिनं तेवढंच धरलं आणि म्हणाली, "शहरात आत्ता जेवढी मानसं ऱ्हात्यात तेवढ्यांना तरी रोज पानी वेळेत येतंय का ते आधी सांगा, आणि येत नसंल तर वाटेकरी वाढल्यावर वाटा वाढतोय का कमी होतोय?" सभागृहात क्षणभर कुणी हललं नाही. तिच्यानंतर हद्दवाढीच्या बाजूनं सहाजण बोलले, मी मोजले, सहापैकी एकानंही त्या प्रश्नाला हात लावला नाही. त्या सहातला एक पहिला आला. त्याचा आवाज खणखणीत होता, सुरुवातीला सुभाषित, मधे शेर, शेवटी शाहू महाराजांचं नाव घेऊन टाळ्या. मुलीला उत्तेजनार्थ.

बक्षीस समारंभ झाल्यावर ती गेटपाशी एका परीक्षकांना गाठून विचारत होती, सर माझा कुठला मुद्दा पडला? सर म्हणाले, छान बोललीस बाळ, फक्त उच्चारांवर काम कर, न आणि ण बघ. ते चांगले गृहस्थ आहेत, मनात काही वाईट नव्हतं, पण मुलीनं मुद्दा विचारला होता आणि तिला उत्तर उच्चाराचं मिळालं. मी स्वतः हद्दवाढीच्या बाजूची आहे हे इथंच सांगून टाकते. तरी त्या दिवशी वाद ती मुलगी जिंकली होती असं माझं स्वच्छ मत आहे, आणि ते तसं का हे लिहिण्यासाठीच हे पत्र.

मी 31 वर्षं ज्युनिअर कॉलेजला गणित आणि संख्याशास्त्र शिकवलं, त्यातली वीस-बावीस वर्षं आजूबाजूच्या शाळा-कॉलेजात परीक्षक म्हणूनही जात होते. त्यामुळं आतली पद्धत माहीत आहे. आयोजक फोन करतात, मॅडम शनिवारी या, तिथं गेल्यावर बुके आणि चहा मिळतो आणि स्पर्धा सुरू व्हायला पाच मिनिटं असताना हातात एक शीट पडतं. शीटवर रकाने ठरलेले, विषयाची मांडणी 20, भाषाशैली 20, आवाज व उच्चार 20, हावभाव 20, एकूण परिणाम 20. आता हे शीट वक्तृत्वाचं आहे. वर फक्त नाव बदलून वादविवाद लिहिलेलं असतं. कुठं कुठं खंडन म्हणून एक रकाना असतो पण त्याला 10 मार्क, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मोडून काढण्यापेक्षा हात हलवण्याला किंमत जास्त. मुलं हुशार असतात, ज्याला मार्क आहेत तेच करणार. मग पाठ केलेली भाषणं येतात, आधीच्या वक्त्यानं काय म्हटलं याच्याशी संबंध नाही, "माझ्या विरोधी मित्रांना मी विचारू इच्छितो" एवढं वाक्य घालायचं की झालं खंडन, आणि ते वाक्यसुद्धा घरून पाठ करून आणलेलं.

कोल्हापुरात हे समजवायला खरं तर सोपं आहे. खासबागेत कुस्ती बघायला बसलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही की पैलवानाची छाती किती इंच आहे यावर निकाल नसतो. अंगानं किरकोळ पोरानं मोठ्याला ढाक लावून पाठ टेकवली की निकाल झाला, सगळ्या मैदानानं बघितला. वादात पाठ टेकलेली अशी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर परीक्षक लागतो. कुठला डाव टाकला, समोरच्यानं तो सोडवला का, का नुसताच आखाड्यात शड्डू ठोकत फिरला, हे बघणं एवढंच त्याचं काम.

आणि हे काही मी नवीन सांगत नाही. आमच्या स्टाफरूममधल्या संस्कृतच्या मॅडमनी मला एकदा न्यायसूत्रांतली, म्हणजे गौतमांच्या तर्कशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथातली, निग्रहस्थानं समजावून सांगितली होती, मी तेव्हा वहीत उतरून घेतली. निग्रहस्थान म्हणजे वादात माणूस कुठं हरला असं धरायचं ती जागा, अशा 22 जागा गौतमांनी सांगितल्यात. अडचण आली की मूळ म्हणणंच गुपचूप बदलून घेणं हे प्रतिज्ञांतर. विषय सोडून भलतीकडं जाणं हे अर्थांतर. तेच तेच परत बोलणं पुनरुक्त, उत्तर न सुचणं अप्रतिभा. मला सगळ्यात आवडलेलं अननुभाषण, म्हणजे समोरच्याचं म्हणणं तीनदा सांगून झालं, सभेला ते कळलं, तरी ज्याला ते परत मांडतासुद्धा येत नाही तो हरला. शनिवारचे ते सहाजण इथंच आले असते. अजून एक आहे, अविज्ञातार्थ, तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला जे समजतच नाही असं बोलणं. म्हणजे बोलणं समजलं पाहिजे अशी अट आहे, ते गोड वाटलं पाहिजे अशी नाही. चंदगडच्या मुलीचं पानी सभागृहातल्या प्रत्येकाला पाणी म्हणूनच समजलं होतं. मग न-ण चे मार्क कशाचे कापायचे? शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याहून जी मुलं पहाटेच्या एसटीनं येतात त्यांच्या घरी जी मराठी बोलतात तीसुद्धा मराठीच आहे, आणि पुस्तकी उच्चार हा अभ्यास करून मिळवलेला गुण कमी आणि कुणाच्या घरात जन्मलो त्याचा जास्त असतो. वक्तृत्वात त्याला मार्क द्यायचे तर द्या, तो वेगळा विषय आहे.

आता माझ्या विषयाकडं येते, कारण इथं जे होतं ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. तीन परीक्षक असतात, तिघांचे मार्क बेरजेला घेतात, ज्याची बेरीज जास्त तो पहिला. दिसायला एकदम न्याय्य. समजा दोन स्पर्धक आहेत, एक मुलगी एक मुलगा. पहिल्या परीक्षकांनी मुलीला 78 आणि मुलाला 76 दिले. दुसऱ्यांनी मुलीला 81, मुलाला 79. तिसऱ्यांनी मुलीला 60 आणि मुलाला 80. बेरीज करा, मुलगी 219, मुलगा 235. तिघांपैकी दोघांचं मत मुलगी सरस, आणि ट्रॉफी मुलाला. पहिले दोघं सावधपणे दोन-दोन मार्कांचा फरक ठेवतात म्हणून त्यांच्या मताला वजनच राहत नाही, तिसरा वीस मार्कांचा फरक ठेवतो म्हणून निकाल तो एकटा लावतो, त्याला स्वतःला हे माहीतही नसतं. मार्क सढळ दिले का कंजूषपणे दिले यानं तेवढा फरक पडत नाही, फरक पडतो तो वरच्या आणि खालच्या मार्कांत किती अंतर ठेवलं यानं. मी हे वर्गात उदाहरण म्हणून शिकवायचे आणि संध्याकाळी परीक्षक म्हणून जाऊन त्याच बेरजेवर सही करून यायचे, ही चूक माझीपण आहे आणि मला तिची खंत आहे.

उपाय अवघड नाही. प्रत्येक परीक्षकानं आधी स्वतःपुरता क्रम लावायचा, पहिला कोण दुसरा कोण, आणि मग क्रम जुळवायचे. नाहीतर मार्कांची पट्टीच आखूड करायची. शाळेच्या मुलांची जागतिक वादविवाद स्पर्धा होते त्यात 100 पैकी मार्क असले तरी भाषणाला 60 ते 80 याच्या बाहेर सहसा जायचंच नाही असं ठरलेलं आहे, त्यामुळं एकटा माणूस कुणाला फार खोल खड्ड्यात घालू शकत नाही आणि फार डोक्यावरही बसवू शकत नाही. शिवाय तिथं प्रत्येक परीक्षक आपला विजेता स्वतंत्र ठरवतो आणि बहुमतानं निकाल लागतो. त्यांचे मार्क आशयाला 40, शैलीला 40 आणि डावपेचाला 20 असे आहेत. म्हणजे शैलीला तिथंही 40 आहेत हे मी लपवत नाही, बोलणं नीट पोचवता येणं हा गुण आहेच, मी तो काढून टाका म्हणत नाही. पण आपल्याकडं आवाज, उच्चार, भाषा, हावभाव असे एकाच गोष्टीचे तीन-चार रकाने करून त्याचे 60-80 मार्क होतात आणि मुद्द्याला उरतात 20, त्याला माझा विरोध आहे.

आपल्या पद्धतीत अजून एक मोठी गोची आहे. आपल्याकडं प्रत्येक कॉलेजचे दोघं येतात, एक अनुकूल एक प्रतिकूल, चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे आणि तीस-चाळीस जण ओळीनं बोलणार. ज्याची पहिली चिठ्ठी त्यानं खंडन कुणाचं करायचं? त्याच्या आधी कुणी बोललेलंच नसतं. आणि अडतिसाव्याला सगळ्यांचे मुद्दे आयते मिळतात, पण तोपर्यंत परीक्षक दमलेले, जेवणाची वेळ झालेली. बोलण्याचा नंबर कितवा यानं निकाल बदलतो हे मोठ्या स्पर्धांतही दिसलेलं आहे, बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास 1996 साली छापून आला, त्यात उशिरा वाजवणाऱ्यांना फायदा होतो असं निघालं, आणि तिथले परीक्षक तर मुरलेले संगीतकार. मग आपण कोण? म्हणून मला वाटतं प्राथमिक फेरी पाहिजे तर अशीच घ्या पण शेवटच्या आठ जणांना तरी समोरासमोर उभं करा, जोड्या लावून. तेवढं जमत नसेल तर सगळ्यांची भाषणं झाल्यावर प्रत्येकाला फक्त दोन मिनिटं परत द्या, त्यात नवीन मुद्दा काढायचा नाही, फक्त उत्तरं द्यायची. पाठांतर कुणाचं आणि विचार कुणाचा हे त्या दोन मिनिटांत उघडं पडतं, मी एका छोट्या शाळेत हे करून बघितलंय, सातवीची मुलं होती, आणि पहिल्या भाषणात मागं पडलेला मुलगा त्या दोन मिनिटांत सगळ्यांच्या पुढं गेला.

कॉलेजची मुलं इंग्रजीत जी ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धत खेळतात त्यात ही सोय आधीपासून आहे. दोघांच्या एक अशा चार टीम, प्रत्येकाला सात मिनिटं, आणि पहिलं मिनिट संपल्यापासून सहावं संपेपर्यंत समोरच्या बाजूचा कुणीही उठून प्रश्न विचारायची परवानगी मागू शकतो. पाठ केलेलं भाषण तिथं टिकतच नाही. याच पद्धतीची विद्यापीठांची जागतिक स्पर्धा 2014 ला चेन्नईत झाली होती, म्हणजे हे काही सातासमुद्रापलीकडचंच आहे असं नाही. मराठीत का करत नाही आपण? भाषा आडवी येत नाही, फक्त शीट आणि सवय आडवी येते.

त्या पद्धतीत परीक्षक कसा असावा याची एक कल्पना आहे ती मला फार पटते. परीक्षकानं स्वतःला त्या विषयातला तज्ज्ञ समजायचं नाही, रोज पेपर वाचणारा, मोकळ्या मनाचा, कुणीही पटवून दिलं तर पटवून घेणारा साधा माणूस समजून ऐकायचं. म्हणजे दोन मोह टाळायचे. एक, मुलानं अर्धवट सोडलेला मुद्दा आपण मनात पूर्ण करून त्याला मार्क द्यायचे नाहीत. जे बोललंच नाही ते बोललं नाही. आणि दुसरा, आपलं स्वतःचं मत. या दुसऱ्यात मी एकदा चांगलीच घसरले. विषय होता शाळेत मोबाईलवर पूर्ण बंदी असावी. मी शिक्षिका, वर्गात मोबाईलनं काय होतं ते रोज बघणारी, बंदीच्या विरोधात बोलणारं प्रत्येक मूल मला उथळ वाटत गेलं. रात्री घरी कागद चाळताना दिसलं की एका मुलीनं विचारलं होतं, ज्या घरात एकच फोन आहे आणि क्लासचा सगळा अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो त्या मुलांनी काय करायचं, आणि याला बंदीवाल्या कुणाकडंच उत्तर नव्हतं. मी तिला सातव्या नंबरावर ठेवलं होतं. निकाल लागून गेलेला. ती मुलगी आता कुठं असेल माहीत नाही पण तो कागद मी टाकला नाही.

त्या दिवसापासून मी कागदाची पद्धत बदलली आणि ती इतर परीक्षकांनीही करावी म्हणून सांगते. शीट बाजूला ठेवायचं. एक मोठा कोरा कागद आडवा घ्यायचा, मधे रेघ, एका बाजूला अनुकूल एका बाजूला प्रतिकूल, दुकानदाराच्या जमा-नावे सारखं. मुद्दा आला की लिहायचा, दोन-तीन शब्दांत, कुणी मांडला त्याचा नंबर टाकून. त्याला उत्तर आलं की समोर लिहायचं आणि बाण काढायचा. उत्तर नुसतं "हे चुकीचं आहे" एवढंच असेल तर ते उत्तर नाही, कारण दिलं असेल तरच धरायचं. आकडा सांगितला तर तो कुठनं आणला हे बोलला का तेही टिपायचं, कारण आजकाल मुलं बिनधास्त नव्वद टक्के, पंच्याण्णव टक्के असं काहीही ठोकून देतात आणि टाळ्या घेतात. शेवटी कागद बघायचा, कुठल्या मुद्द्यासमोरची जागा रिकामी आहे? शनिवारी माझ्या पिशवीत लाईटबिलाचा कागद होता, त्याच्या पाठीमागं मी हेच केलं, आणि त्या मुलीच्या पाण्याच्या प्रश्नासमोरची जागा शेवटपर्यंत रिकामी होती. हावभाव बघायला मग वेळच मिळत नाही आणि ते बरंच आहे. हां, एक सांगायचं राहिलं, एखादा नुसताच दुसऱ्यांचं तोडत सुटला आणि स्वतःची बाजू काय ते एका वाक्यानं मांडली नाही तर त्यालाही डोक्यावर घ्यायचं नाही. न्यायशास्त्रात त्याला वितंडा म्हणतात, आणि वाद वेगळा, जल्प म्हणजे नुसतं जिंकण्यासाठी भांडणं वेगळं, वितंडा वेगळी असं स्पष्ट केलेलं आहे.

ओळखीपाळखीचा विषय नाजूक आहे पण टाळून चालणार नाही. कोल्हापूर केवढंसं, परीक्षक कुणाचे तरी सर असतात, कुणाच्या तरी काकू असतात. शंकराचार्य आणि मंडनमिश्रांच्या वादाची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे, त्यात निवाडा करायला बसल्या उभयभारती, म्हणजे मंडनमिश्रांच्या पत्नी, आणि त्यांनी निवाडा नवऱ्याच्या विरुद्ध दिला. तेवढी ताकद प्रत्येकात असेल असं धरून स्पर्धा घेता येत नाही. म्हणून ज्यांचा विद्यार्थी उतरलाय त्यांनी त्या फेरीला बसू नये, आणि स्टेजवरून कॉलेजचं नाव पुकारूच नये, फक्त नंबर पुकारावा. यजमान कॉलेजनं आपली टीम स्पर्धेबाहेर ठेवायची चांगली प्रथा काही ठिकाणी आहे, ती सगळीकडं यावी.

विषय निवडण्याबद्दल थोडंच लिहिते. मोबाईल शाप की वरदान हे आता बंद करा. ज्या विषयात दोन्ही बाजूंना सारखं बोलण्यासारखं आहे तोच विषय द्या, आणि आपल्याकडं त्याची काय कमी आहे, हद्दवाढ आहे, अलमट्टी धरणाची उंची आहे, शक्तिपीठ महामार्ग आहे. मुलं घरी ऐकतात हे सगळं.

पण यातलं काहीच करायला जमलं नाही तरी एक गोष्ट करा, निकालाबरोबर कारण सांगा. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच व्हावं म्हणून वकिलांनी आणि लोकांनी किती वर्षं आंदोलन केलं, 18 ऑगस्ट 2025 ला ते सुरू झालं, सहा जिल्ह्यांतल्या लोकांची मुंबईची वारी कमी झाली. तिथं न्यायाधीश नुसतं तू हरलास म्हणून उठून जात नाहीत, का हरला ते लिहून देतात, आणि हरणाऱ्याला ते वाचता येतं. आपल्या स्पर्धेत मात्र निकाल म्हणजे तिसऱ्यापासून वर नावं वाचायची, मग फोटो. परीक्षकांचं मनोगत असतं खरं, पण त्यात सगळ्यांनी वाचन वाढवावं आणि आमच्या काळी असं होतं. त्याऐवजी दहा मिनिटं घ्या आणि सांगा, आमच्या मते या वादात कळीचे मुद्दे हे तीन होते, पहिल्यावर या बाजूनं असं म्हटलं, त्याला असं उत्तर आलं, आम्हाला हे पटलं कारण हे, दुसऱ्याला उत्तरच आलं नाही. ब्रिटिश पार्लमेंटरीत परीक्षक आधी आपापसात चर्चा करतात आणि मग टीमना समोर बसवून हेच तोंडी सांगतात. कारण सांगायचं आहे हे माहीत असलं की परीक्षक ऐकतोही वेगळ्या कानानं, मोबाईल खिशातच राहतो. आणि परीक्षक चुकला तरी मुलांना कळतं की कुठं चुकला, ती वाद घालू शकतात, निदान गेटपाशी जाऊन विचारावं लागत नाही. मुलं हरल्यानं नाराज होत नाहीत हो, का हरलो ते कळलं नाही की होतात, आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. विशेषतः लांबनं येणारी.

आता स्नेहसंमेलनांचा हंगाम येईल, स्पर्धांच्या पत्रिका छापायला जातील. आयोजकांना विनंती आहे की शीट छापायच्या आधी एकदा बघा, खंडन आणि उत्तराला निम्मे मार्क ठेवा, आवाज-उच्चार-हावभाव तिन्हीचा मिळून एकच रकाना करा, आणि परीक्षकांना स्पर्धेआधी अर्धा तास लवकर बोलवून हे समजावून सांगा. हवं असेल तर मी येते समजवायला, मानधन नको. दोन-तीन जुने कागद माझ्याकडं आहेत, बाण काढलेले, ते दाखवले की पंधरा मिनिटांत कळतं. आणि शनिवारच्या स्पर्धेतल्या त्या मुलीच्या कॉलेजचे कुणी सर-मॅडम हे वाचत असतील तर तिला सांगा, तुझा एकही मुद्दा पडला नव्हता, पाण्याच्या प्रश्नाला शेवटपर्यंत कुणी उत्तर दिलं नाही, मी लिहून ठेवलंय.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर